पहिल्या वळणावरचा आवाज

माझ्या उभ्या आयुष्यात मी आभाराचे पत्र एकच लिहिले, आणि तेही चुकीच्या समजुतीने. बाकी जी लिहिली ती सगळी तक्रारीची. पांढरे पट्टे न मारता घातलेले गतिरोधक, वेळापत्रकात असून रस्त्यावर नसणारी एसटी, खांबावर दिवसा जळणारे आणि अंधार पडताच विझणारे दिवे, यांपैकी कशालाही मी मोकळे सोडलेले नाही. त्याची मला खंत नाही. ज्या नागरिकाला हक्क माहीत आहे त्याने तक्रार करायची नाही, तर ती कोणी करायची? परंतु त्या एकमेव आभारपत्राची हकीकत नीट सांगायची, तर आधी एका माणसाविषयी सांगणे भाग आहे. तो माणूस आज नाही. त्याची मोटार मात्र माझ्या दारात उभी आहे.

ते वकील होते. बारामतीत राहत, आणि बारामती व इंदापूर अशा दोन्ही कोर्टांत काम चालवीत. त्यांच्याकडे येणारी खेड्यापाड्यांतली माणसे त्यांना आबा म्हणत. मी वकीलसाहेब म्हणे. माझी सारी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे मसुदे लिहायला बसू लागलो आणि इंदापूरच्या तारखांना त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. ते मला शिरस्तेदार म्हणत. त्या नावाचे पद मी कधीही धारण केलेले नव्हते, हे मी त्यांना लेखी कळवले होते. पत्र वाचून ते म्हणाले, "मजकूर निर्दोष आहे, शिरस्तेदार."

त्यांची राखाडी मोटार हा त्यांच्या स्वभावाचाच एक भाग होता. हॉर्न ते वाजवीत नसत. "हॉर्न म्हणजे समोरच्याचं म्हणणं न घेता काढलेला हुकूम," असे ते म्हणत आणि उसाच्या ट्रॉलीमागे शांतपणे गाडी चालवीत राहत. गाडीत रेडिओ लावायचा नाही. दोघांनी एकदम बोलायचे नाही. मागच्या सीटवर दोन पक्षकार बोलू लागले की त्यांचा डावा तळहात वर जाई. "एका वेळी एक. हे काय कोर्ट आहे? इथं शिस्त लागते."

सर्वांत जाच इंडिकेटरचा. पिंपळीजवळ एखाद्या सायकलवाल्याला ओलांडताना लावलेला उजवा इंडिकेटर निम्मा रस्ता संपेपर्यंत लुकलुकत राही. मागचे ट्रकवाले आधी बुचकळ्यात पडत आणि मग शिव्या देत. मोटार वाहन कायद्याखालील नियमांचा दाखला देऊन मी त्यांना समजावले की हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, तर इतर वाहनचालकांची दिशाभूल आहे. त्यांनी लीव्हर सरळ केला आणि म्हणाले, "इरादा जाहीर असलेला बरा. कुठं वळणार हे माणसं शेवटपर्यंत सांगत नाहीत, म्हणून तर आपली कोर्टं भरलीत."

उलटतपासात मात्र त्यांचा हात धरणारा दोन्ही तालुक्यांत कोणी नव्हता. आवाज चढवणे नाही, टेबलावर हात आपटणे नाही. ते साक्षीदाराच्या अगदी जवळ जात, प्रश्न विचारीत, उत्तर ऐकत आणि म्हणत, "पुन्हा सांगा. सावकाश." साक्षीदार पुन्हा सांगे. "पुन्हा सांगा." असे झाले की चांगला पढवून आणलेला साक्षीदारसुद्धा चुळबुळ करू लागे. "रस्ता कधीच नव्हता," असे छातीठोक सांगणारा एक शेतकरी दुसऱ्या खेपेला "तसा रस्ता न्हवता" म्हणाला, आणि तिसऱ्या खेपेला घाम पुसत म्हणाला, "म्हंजी व्हता, पर पायवाट व्हती." नवे वकील ही तऱ्हा उचलू पाहत. विरुद्ध बाजूच्या एका वकिलाने तर ते "सावकाश" त्याच हळुवार सुरात म्हणायचा सराव केला होता. त्यांना ते साधले नाही. का साधले नाही, हे मला फार उशिरा कळले.

वकीलसाहेबांचा सगळ्यांना लागू असलेला एक नियम होता. "काय ऐकलंत ते सांगा. काय वाटलं ते घरी ठेवा."

पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांनी या वयात गाडी चालवू नये, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते गैर होते असे मी म्हणणार नाही. बाप-लेकांत अखेर तडजोड झाली होती. बावड्याच्या तात्यांचा दावा संपेपर्यंत चावी वकीलसाहेबांकडे राहील. मात्र तोवर गाडीबद्दल एकही तक्रार येता कामा नये. तात्यांचा दावा शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्याचा होता. तो किती वर्षे चालला होता हे सांगण्यात अर्थ नाही. दाखल झाला तेव्हा त्या रस्त्याने बैलगाडी जात असे, युक्तिवादाला आला तेव्हा ट्रॅक्टर. वकीलसाहेबांनी नवी कामे घेणे सोडले होते. हा एक दावा आपल्या गाडीतून इंदापूरला नेऊन संपवायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी ब्रेकचे काम निघाले. पॅडल खोल जाऊ लागले होते. भिगवण रस्त्यावरच्या त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीने पुढच्या चाकांना नवे पॅड घातले आणि गाडी परत दिली. ती गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा झोपलेली कुत्री उठून बसली. पाटीवर कोरा खडू उभा धरून ओढावा तसा तो आवाज होता. मी शेजारी बसलो होतो, माझे दात आंबले. वकीलसाहेब मात्र निर्विकार होते. सहनशक्ती म्हणावी तर ही, असे मला वाटले.

पुढच्या रविवारी मुलगा आला. आम्ही दोघे बाजारातून परतलो तेव्हा तो फाटकातच उभा होता.

"बाबा, हा आवाज कसला?"

"कुठला?"

"कुठला काय! कोपऱ्यापासून किंचाळत आलात."

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "शिरस्तेदार, आपलं म्हणणं?"

मी म्हणालो, "आवाज आहे. तो कामानंतर सुरू झाला, सबब त्याची संपूर्ण जबाबदारी गॅरेजची आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्यानुसार…"

"फक्त पहिलं वाक्य घेतो," ते म्हणाले.

मुलगा भांडखोर नव्हता. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "मी पुढच्या महिन्यात येईन. तेव्हाही गाडी अशीच ओरडत असेल, तर चावी घेऊन जाणार. तात्यांच्या तारखेला टॅक्सी करून जा."

"भाड्याच्या गाडीतून उतरणारा वकील निम्मा दावा फाटकातच हरतो," वकीलसाहेब म्हणाले. पण त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता. चावी तिथे असे.

मी त्याच संध्याकाळी गॅरेजला द्यायच्या नोटिशीचा मसुदा केला. सेवेतील त्रुटी, वाहनधारकास झालेला मनस्ताप, सार्वजनिक शांततेचा भंग, काहीही सोडले नाही. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि परत दिला. "उत्तम. पण प्रतिवादीला ऐकल्याशिवाय जाणार नाही."

अशा रीतीने गॅरेजसमोर चौकशी बसली. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला एका मावशींची चहाची टपरी. वकीलसाहेब स्वतः गाडी पुढे-मागे नेत होते. मला त्यांनी गाडीत बसवले, मावशींना टपरीत उभे केले आणि मिस्त्रीला रस्त्याकडेला उकिडवे बसवले. प्रत्येक फेरीनंतर ते उतरून एकेकाला बाजूला घेत, म्हणजे एकाचे बोलणे ऐकून दुसऱ्याने सांगू नये. जाणारे-येणारे थांबून पाहत होते. एका पायउतार झालेल्या सरपंचाने, आबा निवडणुकीला उभे राहणार काय, अशीही चौकशी केली.

"मावशी, काय ऐकलं?"

"माज्या कानात सुई घातल्यागत हुतंय बगा, आबा."

"कधी?"

"तुमी हळूहळू थांबताय तवा."

"आणि जोरात थांबवली तर?"

"तवा गप."

"उलटी नेली तेव्हा?"

"तवाबी न्हाय."

"कुठल्या चाकाचा आवाज?"

"मला काय चाकाचं कळतंय? पर टपरीच्या अंगाचं हाय. आता सोडता का मला? दूध उतू चाललंय."

"साक्षीदार मोकळा," वकीलसाहेब म्हणाले.

मिस्त्री आडदांड, हसरा आणि थोडा बेरकी होता. तो म्हणाला, "आबा, नवीन पॅड हाईत. थोडी चालू द्या, बसत्याल."

माझा संयम तिथे संपला. "चालू द्या" या दोन शब्दांवर आपल्याकडचा निम्मा कारभार चालतो. गळका नळ चालू द्या, खचलेला पूल चालू द्या, चुकलेले वीजबिल पुढच्या महिन्यापर्यंत चालू द्या. मी हे सर्व त्याला सांगत असतानाच तो तळहात वर गेला.

"बसतील, हे भविष्य झालं," वकीलसाहेब मिस्त्रीला म्हणाले. "मला झालेलं सांगा. जुनं काढलंत तेव्हा आत काय होतं, जे नवं घालताना गेलं नाही?"

मिस्त्रीने मान खाजवली. "मागं पत्र्या व्हत्या. पातळ."

"पुन्हा सांगा. सावकाश."

"पॅडच्या मागं बारीक पत्र्या असत्यात, आबा. त्या गंजल्या व्हत्या. टाकून दिल्या."

"नव्या घातल्या?"

"ह्या गाडीच्या हितं मिळत न्हाईत. पुण्यास्नं मागवाव्या लागत्यात. म्या म्हनलं, ब्रेक तर झ्याक लागतोय, मग कशाला आबास्नी खोळंबवायचं?"

"पत्री नसेल तर काय होतं?"

"पॅड थरथरतंय. हळू दाबलं की थरथरतंय आन् वरडतंय, जोरात दाबलं की गच्च बसतंय. मावशी म्हनल्या न्हवं का, तेच."

"धोका?"

"छ्या! आवाज येतोय तवर पॅड चकतीला लागतंय, येवढं समजायचं. पत्र्या मागवतो. आठवड्यात आल्या की बसवून देतो, येक शब्द बोलायची न्हाय गाडी."

वकीलसाहेबांनी चौकशी संपल्याचे जाहीर केले, सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "नोटीस फाडू?" मी म्हणालो, पत्र्या येईपर्यंत राहू द्या.

पत्र्या यायच्या आत बावड्याला जायचे निघाले. युक्तिवादाआधी त्यांना तो रस्ता एकदा पायांखालून घालायचा होता. थांबावे असे मी सुचवले. "आवाज निर्धोक आहे, हे साक्षीत आलंय," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो. उसाचा हंगाम भरात होता. गाडी प्रत्येक वळणावर किंचाळत होती, प्रत्येक गावातली पोरे कानांवर हात ठेवून नाचत होती आणि वकीलसाहेब इंडिकेटर लुकलुकवत ध्यानस्थ बसावे तसे चालवीत होते.

तात्या अंगणातच वाट पाहत होते. ठेंगणे, काटक, डोक्यावर धुवट टोपी. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस. आमची गाडी त्यांच्या दाराशी एक लांबलचक किंकाळी फोडून थांबली. तात्यांचा चेहरा पडला.

"आबा, गाडी का ओ रडतीया?"

"तिचं म्हणणं नोंदवून घेतलंय, तात्या. चला, रस्ता दाखवा."

रस्ता पाहून झाला. मग भाकरी, भरलं वांगं आणि दाण्याची चटणी. आम्ही जेवत असताना तात्या एकदा उठून बाहेर गेले आणि उपरण्याला हात पुसत परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी पार पाडल्याचे समाधान होते. मला वाटले, गुरांना वैरण टाकून आले असतील.

परतीला गाव सोडून पहिले वळण आले आणि मला प्रथमच जाणवले की शांतता आहे. दुसऱ्या वळणावरही शांतता. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

"वकीलसाहेब, आवाज गेला!"

"गेला?"

"संपूर्ण. बावडा सोडल्यापासून नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतला प्रश्न मला तेव्हा वाचता आला नाही. "हे मला लगेच सांगायला हवं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. आणि तेवढ्यात उतारावर, समोर, उसाने भरलेली बैलगाडी आडव्या रस्त्यावरून वर चढली.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी ओल्या साबणावरून गेल्यासारखी पुढे सरकत राहिली. त्यांनी पाय पुन्हा दाबला, मग ताडकन गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगचे चाक डावीकडे फिरवले. बैलांची शिंगे माझ्या खिडकीतून गेल्यासारखी वाटली. गाडी सरीवरंब्यांत उड्या मारीत तोडून झालेल्या उसाच्या खोडक्यांत घुसली आणि ओल्या मातीत रुतून थांबली.

गाडीवान उभा राहून ओरडला, "ओ आबा! दिसतंय का न्हाय?"

वकीलसाहेबांचे दोन्ही हात चाकावर होते. ते हळूच म्हणाले, "दिसतं. अजून चांगलं दिसतं."

पुढच्या दोन्ही चाकांतून काळे तेल निथळत होते. मी जागेवरून तात्यांना फोन लावला.

"व्हय, म्याच घातलं," तात्या अभिमानाने म्हणाले. "आस कुरकुरला की वंगान घालायचं, बा शिकवून गेलाय. माज्या दाव्याला जानारी गाडी, आन् ती रडत जावी व्हय? चांगलं वाटीभर घातलं दोन्ही चाकांत. हाय का आता आवाज?"

ब्रेकच्या चकतीवर तेल सोडणे म्हणजे काय, त्यातून उद्भवणारी दिवाणी व फौजदारी जबाबदारी कोणती, हे मी त्यांना सांगू लागलो. वकीलसाहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तात्या, वांगं फार चांगलं झालं होतं. ट्रॅक्टर घेऊन या."

तात्या येईपर्यंत आम्ही बांधावर बसलो. ऊस तुटल्यामुळे लांबपर्यंत उघडे दिसत होते. त्यांनी काडीने बुटांची माती काढली. मग म्हणाले, "शिरस्तेदार, तो आवाज कसा होता?"

मला वाटले, ते माझी साक्ष तपासत आहेत. मी सांगितले: खडूसारखा, वरच्या पट्टीतला, शेवटी बारीक होत जाणारा. कधी न पाहिलेल्या गावाचे वर्णन ऐकावे तसे ते मन लावून ऐकत होते.

"मला तो कधी आलाच नाही," ते म्हणाले.

लिहून घ्यायला काढलेली वही मी तशीच परत खिशात ठेवली. माझ्या बाबतीत हे क्वचित घडते.

"आधी पाखरं गेली," ते म्हणाले. "मला वाटलं, उसापायी झाडं तोडली, म्हणून पाखरं गेली असतील. मग इंडिकेटरची टिकटिक गेली. तुम्ही नियम सांगायचात, तेव्हा कळायचं की तो चालूच आहे. मग बायकांच्या साक्षी अंधुक झाल्या. जवळ जाऊन पुन्हा विचारायला लागलो, सावकाश सांगा म्हणायला लागलो. लोक म्हणाले, काय उलटतपास आहे! म्हटलं, असू दे."

"पण गॅरेजपुढची ती सगळी चौकशी?"

"ती नियमाला धरूनच होती. निष्कर्षही बरोबर निघाला. न्यायाधीशाला दुसऱ्याच्या कानांवर निकाल देता येतो, शिरस्तेदार. चालवणाऱ्याला नाही." त्यांनी खोडक्यांत रुतलेल्या गाडीकडे पाहिले. "तात्यांनी तेल घातलं ते मायेनं घातलं. आवाज गेला हे मला कळलं नाही, दोष तो. तुम्ही बोलला नसता, तर उतारावर मी आणखी वेगात असतो."

त्यांनी खिशातून चावी काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "ताबा तुमच्याकडे. मालकी माझ्याकडेच."

ट्रॅक्टर आला. तात्यांनी सगळे पाहिले आणि इंदापूरपर्यंत आम्हाला ओढून नेताना एकदाही मागे वळून पाहिले नाही. उतरल्यावर त्यांनी वकीलसाहेबांच्या पायांना हात लावला. वकीलसाहेब म्हणाले, "पाया पडू नका. युक्तिवादाच्या दिवशी वेळेवर कोर्टात या, म्हणजे झालं."

महिन्याने मुलगा आला. पत्र्या बसल्या होत्या, पॅड पुन्हा नवे घातले होते, गाडी मुकाट उभी होती. तो वाद घालायच्या तयारीने आला होता. वकीलसाहेबांनी त्याला चहा दिला आणि सांगितले, "चावी माझ्याकडे नाही. आवाजामुळं दिली नाही. ऐकू येत नाही म्हणून दिली." मुलाने कप खाली ठेवला. नंतर दोघे बराच वेळ ओट्यावर बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही; मी मुद्दाम फाटकापाशी थांबलो होतो.

युक्तिवादाच्या दिवशी गाडी मी चालवली. ते माझ्या डावीकडे, मांडीवर कागदांचे बाड घेऊन बसले. कोर्टात ते उभे राहिले आणि आधी म्हणाले, "मला ऐकू कमी येतं. न्यायालयानं प्रश्न विचारायचा झाल्यास कृपया सावकाश विचारावा."  विरुद्ध बाजूचा तो वकील, ज्याने त्या "सावकाश"चा एवढा सराव केला होता, हातातल्या कागदांकडे पाहत राहिला. तात्यांचा रस्ता राहिला. आजही त्यावरून ट्रॅक्टर जातो.

त्यानंतरची काही वर्षे आम्ही असेच इंदापूरला जात राहिलो. कधी कोणाला सल्ला द्यायला, कधी नुसते कोर्टाच्या आवारात चहा प्यायला. गाडी एरवी गप्प असे. फक्त दव पडलेल्या सकाळी, गल्लीच्या पहिल्या वळणावर, बारीकसा एक आवाज येई आणि जाई. मिस्त्री म्हणाला, रात्रीत चकतीवर गंज धरतो, पॅडला कानस मारली तर तोही जाईल. मी तर ते लेखी मागणार होतो. वकीलसाहेबांनी अडवले.

"तेवढा राहू द्या. तुम्हाला येतो ना? मग रोज मला सांगत जा."

तेव्हापासून पहिल्या वळणावर मी म्हणे, "आला." ते समोर पाहत म्हणत, "नोंद झाली." आणि मगच सीटला पाठ टेकीत. एखाद्या दिवशी मी विसरलो, तर त्यांचा तळहात वर होई आणि मी बोलेपर्यंत खाली येत नसे.

एकदा इंदापूरच्या एका कचेरीतल्या अधिकाऱ्याने माझ्यादेखत त्यांना विनवले, "आबा, तुमच्या या मित्रांना जरा समजवा. फार कुरकुरतात. दर आठवड्याला पत्र." वकीलसाहेब म्हणाले, "काय करू, तेल घालू? बावड्याला एक गाडी अशीच गप केली होती. ती उसात गेली." त्या अधिकाऱ्याला काही कळले नाही. मला मात्र इतके कळले की त्या आठवड्यात मी त्याला पत्र लिहिले नाही.

ते झोपेत गेले. मुलाने गाडी मला दिली; मालकी रीतसर माझ्या नावावर करून घेतली. त्यानंतरही पहिल्या वळणावर मी "आला" म्हणत असे. रिकाम्या सीटपुढे दिलेल्या साक्षीला कायद्यात काही किंमत नाही, हे मला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात गाडी त्याच मिस्त्रीकडे सर्व्हिसिंगला टाकली. आल्यावर पहिल्या सकाळी वळणावर काही नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. आठवडाभर थांबलो. गेलेल्या गोष्टीची आठवण येत असली, तरी काम चोख झाले तर तसे म्हणणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे. मी पत्र लिहिले: मी न सांगताही आपण वाहनातील जुना आवाज दूर केलात, याबद्दल आभारी आहे. पोस्टाने, नोंदणीकृत.

काही दिवसांनी सकाळीच हवा भरायला गेलो. मिस्त्री आता पिकला आहे. त्याने माझे पत्र काउंटरवरच्या काचेखाली ठेवले होते.

"सायेब, पाकिटावर तुमचं नाव बघून घामच फुटला. म्हनलं, आली नोटीस! वाचलं तर आभार. घरात समद्यास्नी वाचून दावलं." मग तो जरा घुटमळला. "पर सायेब, आवाजाचं म्या कायच केलं न्हाय. आवाज हाय तसाच हाय, थंडीत तर हितवर येतोय. आत्ता हितं वळलात, तवाबी आला की."

"नाही आला," मी म्हणालो.

त्याने रस्त्यापलीकडे पाहिले. "मावशी, सायबांची गाडी आली तवा आवाज आला का न्हाय?"

मावशी टपरीतून ओरडल्या, "आला की! सुई घातल्यागत!"

हे मात्र मला स्पष्ट ऐकू आले. गेले काही महिने, कॉलेजात शिकवणारी माझी सूनबाई गाडीत शेजारी बसली की मला म्हणत होती, बाबा, इंडिकेटर चालूच राहिलाय. इंडिकेटरच्या खटक्यात दोष आहे, असे मी तिला सांगत आलो होतो. कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदाही तयार होता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कॉलेजला निघाली तेव्हा मी तिला चावी दिली. ती सरळ उजवीकडच्या दाराशी गेली. मुलीच्या जातीला काही गोष्टी आधीच कळलेल्या असतात. मी डावीकडे बसलो. या बाजूने गल्ली वेगळीच दिसते, हे इतक्या वर्षांत मी विसरलो होतो. दव पडले होते. तिने गाडी काढली, कोपऱ्यापाशी वेग कमी केला आणि वळण घेतले. मी कान टवकारून बसलो होतो. इंजिनाची घरघर होती, दुधाच्या गाडीतल्या किटल्यांचा खडखडाट होता. बाकी काही नाही.

माझा डावा तळहात आपोआप वर गेला.

"काय झालं, बाबा?"

"आला?"

"काय?"

"आवाज. आत्ता, वळताना."

तिने क्षणभर आठवून पाहिले. "हो. बारीकसा. चाकाकडून."

"नोंद झाली," मी म्हणालो, आणि सीटला पाठ टेकली.